उजव्या सीटवरचे हात

उजव्या सीटवर पहिल्यांदा बसले त्या दिवशी मला विमान जमिनीवरसुद्धा सरळ नेता येईना. धावपट्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मधली पिवळी रेघ असते, तिच्यावर पुढचं चाक ठेवायचं, एवढंच काम. हे मी शेकडो वेळा केलं होतं. त्या दिवशी विमान रेघेच्या डावीकडे जायचं, मी सावरायचे, की उजवीकडे.

आमच्या फ्लाइंग स्कूलचं विमान दोन सीटांचं. डावीकडे विद्यार्थी बसतो, उजवीकडे शिकवणारा. दोघांपुढे एकेक कंट्रोल असतो आणि ते आतून जोडलेले असतात, एकानं हलवला की दुसऱ्याच्या पुढचाही हलतो. मी दोनशे तास डावीकडे बसून उडवलं होतं. डावा हात कंट्रोलवर आणि उजवा थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनाची ताकद कमीजास्त करायच्या दांड्यावर. इकडे हातांची अदलाबदल झाली होती. डोळ्यांना समोरचं दृश्यसुद्धा तिरकं दिसत होतं.

या सीटवर मी हौसेनं आले नव्हते. पायलटचं लायसन्स मिळून दीड वर्ष झालं होतं आणि एअरलाइनकडून बोलावणं येत नव्हतं. पिंपळगावला घरी बसले होते. आई शेजारणींना "ती सध्या सुट्टीवर आहे" म्हणून सांगायची. वडील एका कोल्ड स्टोअरेजमध्ये सुपरवायझर आहेत. ते काही विचारायचे नाहीत, पण सकाळी माझ्याकडे न बघता चहा संपवून निघून जायचे. अशात एक दिवस सरांचा फोन आला. ज्यांनी मला पहिल्या तासापासून शिकवलं ते हे सर, हवाई दलातून निवृत्त झालेले, साठीला टेकलेले. "इन्स्ट्रक्टरचा कोर्स कर," ते म्हणाले. "उडत तरी राहशील." मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं नाशिकला आले.

या कोर्सची पद्धत अशी की सर डावीकडे बसून विद्यार्थी व्हायचे आणि मी त्यांना शिकवायचं. सर एरवी फार कमी बोलतात. विद्यार्थी झाले की मात्र ते मला "मॅडम" म्हणायचे, भलभलते प्रश्न विचारायचे आणि चुका करायचे. चुका इतक्या खऱ्या वाटायच्या की मला घाम फुटायचा. धावपट्टीवर ब्रेकवर पाय ठेवून बसायचे. वर गेल्यावर नकाशा खाली पाडायचे आणि वाकून शोधत राहायचे, तोवर विमान एका बाजूला कलत जायचं. मी ओरडले की म्हणायचे, "मॅडम, तुम्ही सांगितलंच नाही."

दुसऱ्या आठवड्यात स्टॉलचा धडा होता. विमानाचं नाक फार वर उचललं की वेग घटतो, मग पंखांना तोलून धरणारी हवा सुटते आणि विमान खाली बसतं. त्याला स्टॉल म्हणतात. इंजिन चालूच असतं. विद्यार्थ्याला हे मुद्दाम करायला लावायचं आणि त्यातून बाहेर कसं पडायचं ते शिकवायचं. निघताना सर म्हणाले, "आज उंची जास्त घे." मी कारण विचारलं नाही.

दिंडोरीच्या बाजूला द्राक्षबागांवर आमचा सरावाचा भाग आहे. जमिनीपासून पाच हजार फुटांवर गेल्यावर मी पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली. आता थ्रॉटल मागे, नाक हळूहळू वर, वेगाकडे बघा, आता हा कर्णा वाजेल, हा इशारा आहे. कर्णा वाजला. विमान थरथरलं आणि डावा पंख खाली गेला. इथपर्यंत सगळं पुस्तकातल्यासारखं होतं. या क्षणी नाक खाली करायचं आणि खाली जाणारा पंख फक्त पायांनी सावरायचा.

सरांनी कंट्रोल पूर्ण उजवीकडे फिरवला आणि दोन्ही हातांनी पोटाशी ओढून धरला.

डावा पंख माझ्या डोळ्यांदेखत उलटा झाला. समोरच्या काचेत आभाळ होतं तिथे हिरव्या-तपकिरी बागा आल्या आणि त्या गरगर फिरायला लागल्या. याला स्पिन म्हणतात. यातून बाहेर कसं पडायचं ते मला येत होतं, परीक्षेत मी ते करून दाखवलं होतं. आणि तरीही माझ्या तोंडातून स्टॉलचा पाठ केलेला पुढचा भाग बाहेर पडत राहिला. "आता बघा, विमान पुन्हा वेग घेईल," मी म्हणत होते. माझे हात कंट्रोलवर होते आणि काहीच करत नव्हते.

एक गिरकी झाली, दुसरी सुरू झाली. सर शांतपणे म्हणाले, "आय हॅव कंट्रोल," म्हणजे विमान आता त्यांच्या ताब्यात. मग उजवा पाय पूर्ण दाबला, कंट्रोल पुढे ढकलला. गिरकी थांबली. विमान सरळ झालं, बागा पुन्हा खाली गेल्या.

लँडिंग सरांनीच केलं.

हँगरच्या मागे एक सिमेंटचं बाकडं आहे. सरांनी मशीनचा चहा दोन कागदी कपांत आणला आणि माझ्याशेजारी बसले. मी म्हणाले, "सर, असं कोण करेल? पंख खाली जातोय आणि उलट बाजूला इतका जोर?"

"तू केलं होतंस."

मला वाटलं ते उदाहरण देताहेत.

"तुझ्या चौदाव्या तासाला," ते म्हणाले. "इथेच, दिंडोरीवर. आत्ता मी जे केलं ते तू केलं होतंस, तेच्या तेच. दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतंस."

मला तो दिवस नीट आठवत होता. त्या दिवशी सरांनी मला स्पिन करून दाखवला होता. माझ्या लॉगबुकमध्ये माझ्याच अक्षरात तशी नोंद आहे. होस्टेलवर मी मैत्रिणींना मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की चौदाव्या तासालाच सरांनी मला स्पिन दाखवला, इतरांना फार उशिरा दाखवतात. घरीही फोन करून सांगितलं होतं. वडिलांनी पुढे कितीतरी दिवस ते कोल्ड स्टोअरेजमध्ये सांगितलं होतं.

"तुम्ही म्हणालात की हे प्रात्यक्षिक आहे," मी म्हणाले.

"हो. खाली उतरल्यावर तू मला विचारलंस, 'सर, हा स्पिन होता का?' तुझा चेहरा उजळला होता. मी हो म्हणालो, तुला दाखवला म्हणालो."

"का?"

"तेव्हा मला वाटलं, घाबरलीस तर पुन्हा बसणार नाहीस."

मी कप खाली ठेवला. आपल्या आयुष्यातली एक गोष्ट आपण इतक्या वेळा सांगितलेली असते, आणि ती घडलीच नव्हती हे कुणीतरी चहा पिता पिता सांगतं.

"अजून आहे," सर म्हणाले. "आज आपण पाच हजारावर होतो. त्या दिवशी तीन हजारावर होतो. पंख खाली गेला तेव्हाच मी विमान ताब्यात घ्यायला हवं होतं. मी उशिरा घेतलं. खाली एका बागेत फवारणी चालली होती, ट्रॅक्टरमागे पांढरा धूर उठत होता. मी तो बघत होतो. माझी नजर आत आली तेव्हा दुसरी गिरकी होऊन गेली होती. तू सोडत नव्हतीस, तुझ्या हातांशी मला झटापट करावी लागली. बाहेर आलो तेव्हा पंधराशे फूटसुद्धा उरले नव्हते."

"आणि रिपोर्ट?"

"दिला नाही."

मला आधी वाटलं होतं की सर माझ्या काळजीनं खोटं बोलले. आता कळलं की त्या खोट्यात त्यांचीही सोय होती. ते हे कुठलीही सबब न देता सांगत होते, त्यामुळे मला रागावताही येईना. मी फक्त विचारलं, "आज का सांगितलंत?"

"पुढच्या महिन्यात तू दुसऱ्याच्या लेकराला घेऊन वर जाणार."

त्यानंतर तीन-चार दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. घरी काहीच सांगितलं नाही. वडिलांना काय सांगणार होते? ते इतक्या लोकांना सांगून बसले होते. कोर्स पूर्ण केला, परीक्षा दिली, पास झाले. आणि मनाशी पक्कं ठरवलं की माझ्या हातून उशीर होणार नाही. माझे हात कायम तयार असतील.

माझी पहिली विद्यार्थिनी देवळ्याची होती, एकोणीस वर्षांची. घरचा कांद्याचा व्यापार. वडिलांनी तिला पांढऱ्या स्कॉर्पिओतून आणून सोडलं होतं आणि जाताना सगळ्यांसमोर एक मोठा काळा गॉगल तिच्या डोळ्यांवर चढवला होता. ती तो कायम घालायची. मुलगी हुशार. हवामान, नियम, इंजिन, काहीही विचारा, तोंडपाठ. बोलायची कमी, आणि बोलली की गावाकडचं बोलायची. मला ते ऐकून बरं वाटायचं.

तिचं हवेतलं काम ठीक होतं आणि लँडिंग तर सुंदर होतं. लँडिंग हा सगळ्यांचा अडणारा भाग. जमीन जवळ आली की योग्य क्षणी नाक हलकेच उचलायचं आणि विमान चाकांवर अलगद टेकू द्यायचं. तो क्षण सापडायला लोकांना आठवडे लागतात. हिला चौथ्या-पाचव्या दिवसापासूनच तो सापडला होता. माझी बोटं माझ्या बाजूच्या कंट्रोलवर असायची, अगदी हलकी, नुसती टेकवलेली. मी सरांना सांगितलं, "हिला हात आहे, सर." सर म्हणाले, "असं? मग तिला एकटीला सोलोवर पाठवायच्या आधी एकदा हात मांडीवर ठेवून बघ."

ती सकाळ स्वच्छ होती. वारा जवळपास नव्हता. अठरावा तास. मी तिला सांगितलंच नाही. शेवटचं वळण घेऊन विमान धावपट्टीच्या समोर आलं, वेग बरोबर, उंची बरोबर. मी दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

धावपट्टीचा पांढरा आकडा मोठा होत गेला. मी वाट बघत होते की आता ती नाक उचलेल. "आता," मी म्हणाले. ती हलली नाही. "उचल," मी म्हणाले. तिचा हात कंट्रोलवर होता, पाठ ताठ, चेहरा समोर. डांबरातल्या भेगा दिसायला लागल्या. मी झडप घालून कंट्रोल ओढला. पण तोवर पुढचं चाक आधी आपटलं होतं. इतका मोठा आवाज मी विमानात कधी ऐकला नव्हता. आम्ही चेंडूसारखे वर उडालो, नाक आभाळात. मी थ्रॉटल पूर्ण पुढे केला आणि विमान पुन्हा हवेत नेलं. "आय हॅव कंट्रोल" म्हणायचं असतं, ते मी म्हणालेच नाही.

चक्कर मारून मी उतरवलं. इंजिन बंद झाल्यावर ती तशीच बसून होती.

"काय झालं?" मी विचारलं. "हात का हलला नाही तुझा?"

तिनं गॉगल काढला. डोळे लाल झाले होते. "तुमचे हात नव्हते मॅडम," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"रोज असतात. आज नव्हते. मला कळलंच नाय."

"अगं पण समोर दिसत होतं ना तुला?"

तिनं गॉगल मिटला. मग म्हणाली, "मी डोळे मिटून घेते, मॅडम. लँडिंगला. पहिल्यापासून. लय भीती वाटती."

मला ऐकू आलं, पण अर्थ लागायला वेळ लागला. मी तिला पुन्हा विचारलं, आणि तिनं पुन्हा तेच सांगितलं. प्रत्येक वेळी, धावपट्टी जवळ आली की ती गॉगलमागे डोळे मिटायची आणि हात सैल सोडायची. मग कंट्रोल आपोआप मागे यायचा आणि विमान टेकायचं. तो कंट्रोल मी मागे आणत होते. पंचवीस-तीस लँडिंगं मी उजव्या सीटवरून केली होती आणि प्रत्येक लँडिंगनंतर तिला शाबासकी दिली होती. मला कधी जाणवलंसुद्धा नाही. माझी बोटं नुसती टेकवलेली आहेत असंच मी समजत होते.

इंजिनियरनं विमान तपासलं. पुढच्या चाकाचा दांडा वाकला होता आणि इंजिनामागच्या पत्र्याला सुरकुती पडली होती. "हे आता महिनाभर तरी उडत नाही," तो म्हणाला. माझ्याकडे बघून त्यानं विचारलं, "तुम्हाला काही लागलं नाही ना?" तेव्हा मला कळलं की माझा गुडघा ठेचकाळून सुजला होता.

मी त्याच दुपारी रिपोर्ट लिहिला. सगळं लिहिलं. विद्यार्थिनी डोळे मिटत होती, हे ओळखण्यात मी कमी पडले. आधीची सर्व लँडिंगं प्रत्यक्षात मी केली होती. हात काढून घेत असल्याचं मी तिला सांगितलं नव्हतं. कागद घेऊन सरांच्या खोलीत गेले. खरं सांगायचं तर मनातून मला वाटत होतं की ते हा कागद वाचतील आणि त्यांच्या मनाला काहीतरी लागेल. मी लपवलं नाही, हे त्यांना दिसेल.

सरांनी शांतपणे वाचलं, खाली सही केली आणि म्हणाले, "उद्यापासून उजव्या सीटवर बसायचं नाही. निदान एक महिना. त्यानंतर मी पुन्हा तपासेन."

मी थक्क झाले. "सर, मी सगळं खरं लिहिलंय."

"दिसतंय."

"तुम्ही तर काहीच लिहिलं नव्हतं. तुम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा उडालात."

माझा आवाज चढला होता. बाहेरच्या टेबलावरच्या बाईंनी मान वर करून पाहिलं. सरांनी उठून दार लोटलं आणि परत येऊन बसले.

"उडालो," ते म्हणाले. "आणि त्या दिवसानंतर माझा हात कुणाच्याही कंट्रोलवरून निघाला नाही. दोन वर्षं. प्रत्येक पोराचं विमान मीच उडवत होतो. तुझंही. तुला सोलोला पाठवायला मी किती उशीर केला, आठवतं? तू तयार नव्हतीस असं मी लिहिलं. तू तयार आहेस की नाही हे मला माहीतच नव्हतं, कारण मी तुला काही करूच देत नव्हतो."

मला तो उशीर चांगलाच आठवत होता. माझ्या बॅचमध्ये मी सगळ्यांत शेवटी सोलो गेले. मला विमान जरा उशिरा कळतं, असं मी तेव्हापासून स्वतःबद्दल धरून चालले होते. नोकरीच्या प्रत्येक मुलाखतीत ते माझ्या मनात असायचं.

मी बाहेर आले. त्या महिन्यात मी जमिनीवरचे तास घेतले, हवामान आणि नियम शिकवले, आणि विमानं जाता-येताना बघितली. राग आला, गेला, परत आला. एकदा वाटलं सोडून द्यावं. घरी फोन केला आणि वडिलांना सगळं सांगितलं, चौदाव्या तासासकट. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे तुला तेव्हाच काय तरी झालं असतं." मी हो म्हणाले. "आणि मी पेढे वाटले," ते म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.

देवळ्याची मुलगी मला वाटलं आता येणार नाही. ती आठ दिवस आली नाही, आणि मग आली. महिन्यानंतर सरांनी मला पुन्हा तपासलं, तेव्हा ते डावीकडे बसले आणि पाच लँडिंगं वाईट करून दाखवली. मी हात मांडीवर ठेवून नुसतं बोलत राहिले. दोनदा ताबा घेतला, मोठ्यानं सांगून. मग त्यांनी मला तीच मुलगी परत दिली. मी तिला म्हणाले, "दुसरा इन्स्ट्रक्टर हवा असेल तर मागून घे." ती म्हणाली, "नाय. तुम्हाला माहीत हाय ना आता."

आम्ही अगदी पहिल्यापासून सुरुवात केली. गॉगल बॅगेत. लँडिंग करायचं नाही, नुसतं धावपट्टीवरून कमी उंचीवर उडत जायचं आणि ती काय बघते ते तिनं मला सांगायचं. पहिले तीन दिवस तिला बोलताच येईना. चौथ्या दिवशी म्हणाली, "मॅडम, जमीन रुंद होत जाती." मी म्हटलं, "होते. सगळ्यांनाच तशी दिसते." तिची पहिली खरी लँडिंगं फार वाईट होती. आम्ही आपटलो, घसरलो, एकदा अर्ध्या धावपट्टीपर्यंत तरंगत गेलो. मी शाबासकी देणं बंद केलं होतं. काय झालं तेवढंच आम्ही बोलायचो.

सोलोला तिला इतरांपेक्षा जवळजवळ दुप्पट तास लागले. त्या सकाळी मी उजवीकडचं दार उघडून उतरले, रिकाम्या सीटचा पट्टा बांधून ठेवला आणि धावपट्टीच्या कडेला सरांजवळ जाऊन उभी राहिले. सरांच्या हातात रेडिओ होता. तिनं उड्डाण चांगलं केलं, चक्कर पूर्ण केली, खाली यायला लागली. उंची थोडी जास्त होती, पण जमण्यासारखी होती. ती धावपट्टीच्या तोंडावर आली आणि अचानक इंजिनाचा आवाज वाढला. विमान आमच्या डोक्यावरून परत वर गेलं.

पहिल्या सोलोला कुणी असं करत नाही. सगळ्यांना कसंही करून खाली यायचं असतं. "सर, तिला काहीतरी सांगा," मी म्हणाले. त्यांनी रेडिओ तोंडाजवळ नेला आणि तसाच धरून ठेवला. बटण दाबलं नाही.

तिनं पुन्हा पूर्ण चक्कर मारली. दुसऱ्यांदा ती बरोबर उंचीवर आली, नाक उचललं, विमानानं एकदा हलकी उसळी घेतली आणि ते टेकलं.

मी धावत गेले. नाकावरचा पंखा थांबल्यावर तिनं दार उघडलं.

"वर का गेलीस?" मी विचारलं.

"उंची जास्त दिसली," ती म्हणाली. "म्हटलं, परत येऊ."